काकवीच्या चॉपची पैज

आमच्या कळंब्याच्या उसात एक रानडुक्कर मारलं गेलं आणि त्यापायी माझी वाचा वर्षभरासाठी जाणार होती.

यात डुकराची काही चूक नव्हती. ते बिचारं ऊस खायला आलं होतं. चूक सगळी माझ्या तोंडाची. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका तोंडाच्याच आहेत, हातपाय माझे अतिशय गुणी आहेत.)

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला तीन. मंगळवार पेठेत आमचं घर, कळंब्याला उसाचं रान, आणि संक्रांतीच्या आगंमागं त्या रानात आमचं गुऱ्हाळ चालायचं. घरात माणसं चारच. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची. ते दिवसाला दहा-बारा शब्द बोलत, त्यातले निम्मे बैलांशी. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, देवाजवळ बोलत. आमचे हे हायस्कुलात मास्तर. दिवसभर पोरांना "गप्प बसा" म्हणून म्हणून इतके दमलेले असत की घरी आल्यावर तेवढं म्हणायचंही त्राण उरत नसे. आणि चौथी मी! त्या तिघांच्या वाटणीचं सगळं बोलणं माझ्यावर येऊन पडलेलं. कुणीतरी बोलायला नको?

त्या संक्रांतीला वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आणि दाजी बेळगावाहून आले होते. दाजी तिकडं लष्कराला धान्य पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडं कारकून. अंगानं किरकोळ, पण मिशा अशा की आधी त्या घरात यायच्या, मग दाजी! मेण लावून वर पिळलेल्या. तर हे दाजी कधीतरी एकदा कुठल्याशा साहेबाच्या कृपेनं मेसमध्ये जेवले होते, आणि तिथं त्यांनी पोर्क चॉप नावाचा पदार्थ खाल्ला होता. खाल्ला एकदाच, सांगितला शंभरदा. मी झुणका वाढला तरी त्यांना चॉप आठवायचा. मी पुरणपोळी वाढली तरी चॉप!

तर त्या दिवशी सकाळी रानातून बैलगाडी आली आणि गाडीत शिकारीचा आमचा वाटा. उसात शिरलेलं डुक्कर रात्रीच्या राखणदारांनी मारलं होतं, आणि ज्याच्या रानात शिकार पडली त्याला बरगडी द्यायची अशी आमच्याकडची रीत. केळीच्या पानात बांधलेली अख्खी बरगडी, नीट मोजून बारा फासळ्या.

दाजींनी पान उघडून बघितलं आणि एक सुस्कारा टाकला.

"ह्याचा तुम्ही आता रस्सा करणार, व्हय की न्हाय?"

"मग काय करायचं, लोणचं?" मी म्हटलं.

"वैनी, ह्यो बगा, ह्यो चॉप हाय! एकेक फासळी सुटी करायची, निखाऱ्यावर भाजायची. वरनं गोड-तिखट-आंबट असा लेप. आणि तो लेप कसा? आरसा! आमच्या मेसमधल्या चॉपमध्ये तोंड दिसायचं, तोंड!"

"तुमचं मावत होतं का त्यात? मिशांसकट?"

वन्सं फिसकन हसल्या. दाजींना राग आला.

"थट्टा सोपी असती वैनी. करून दाखवा की. कोल्हापुरात तांबडा न् पांढरा सोडून दुसरं काय येतंय तुमास्नी?"

आता मला सांगा, हे कोल्हापूरच्या बाईनं ऐकून घ्यायचं? माझ्या आत्ती, ज्या कधी बोलत नाहीत, त्यांचाही विळीवरचा हात थांबला! मी पदर खोचला.

"दाजी, गोड-तिखट-आंबटच ना? गूळ आमच्या रानात शिजतोय. चटणी माझ्या हातची. चिंच दारात. उद्या दुपारी तुम्हाला असलं चॉप घालते की बेळगावच्या मेसची वाट विसराल!"

"आणि न्हाय जमलं तर?"

"न्हाय जमलं तर पुढच्या गुऱ्हाळापर्यंत ह्या घरात मी तोंड उघडणार न्हाय!"

घरात एकदम सामसूम झाली. मामांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. ह्यांनी वाचत होते ते वर्तमानपत्र खाली घेतलं. मी तीन वर्षांत इतकं महत्त्वाचं वाक्य बोलले नव्हते, हे मला त्या शांततेवरून कळलं.

"वरीसभर?" दाजी म्हणाले. "बोलायचंच न्हाय?"

"हूं का चूं न्हाय. आणि तुम्हाला आवडलं, तर तुम्ही इथून पुढं ह्या घरात मेसचं नाव काढायचं न्हाय."

"कबूल!"

"पंच कोण?"

"मी होतो पंच," हे चटकन म्हणाले. इतक्या चटकन ते लग्नालाही हो म्हणाले नव्हते!

पैज लावली खरी, पण एक बारीकशी अडचण होती. भाजलेलं मटण मी जन्मात कधी केलं नव्हतं. वांगं भाजलं होतं. पापड भाजला होता. म्हटलं, भाजणं ते भाजणं. डुक्कर काय आणि वांगं काय!

दुसरी अडचण आत्तींची. रानडुकराला आत्तींची ना नव्हती, पण आमच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. तिथं देव बसलेले. तेव्हा भाजणं रानात. आत्तींनी परसात बसून फासळ्या सुट्या केल्या, हळद, मीठ, आलं-लसूण आणि कच्च्या पपईचा कीस चोळून रात्रभर पातेल्यात झाकून ठेवल्या. जुन्या डुकराचं मटण चिवट असतं, ते पपईनं नरमतं, हे मला त्यांनी न बोलता शिकवलं.

तिसरी अडचण जाळीची. निखाऱ्यावर फासळ्या ठेवायच्या कशावर? घरभर शोधलं. शेवटी मला दारातच मिळाली! रानातला चिखल पायाला लागून घरात येऊ नये म्हणून मामांनी उंबऱ्याबाहेर एक लोखंडी जाळी टाकली होती, पाय घासायची. राखेनं तीनदा घासली, उकळत्या पाण्यानं धुतली, विस्तवात लाल करून घेतली. लोखंडाला विटाळ नसतो म्हणतात. (मी म्हणते. दुसरं कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी, पातेलं, चटणीची बरणी, चिंचेचा कोळ आणि सगळं घर गाडीत घालून आम्ही रानात पोचलो. आणि तिथं चौथी अडचण उभी होती, कमरेवर हात ठेवून.

आप्पा गुळव्या!

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांना सांगते. रान मालकाचं, ऊस मालकाचा, पण एकदा चुलवाणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीला, जाळ लागला की राज्य गुळव्याचं. काहिलीत, म्हणजे भट्टीवरच्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळत असतो. त्याची मळी कधी काढायची, जाळ कधी वाढवायचा, काहील कधी उतरवायची, हे नुसत्या डोळ्यानं आणि वासानं ओळखणारा तो एकटा. क्षणभर चुकलं तर गूळ घट्ट बसत नाही, नाहीतर करपतो. म्हणून गुळव्या म्हणेल ते ब्रह्मवाक्य. आमच्या मामांनासुद्धा काहिलीजवळ जाताना पायताण काढावं लागे.

आणि आमचे आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नाव काढलं तर चूळ भरणारे.

"मालक, पातेल्यात काय हाय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे त्या दिवशीचे शब्द बहुधा संपले होते.

"वांगी," मी म्हटलं.

आप्पांनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं.

"चार पायांची?"

आता बोलून उपयोग नव्हता. आप्पा कडाडले, "वैनीसाब, काहिलीवर मटणाचा धूर आला की गूळ बसत न्हाय! माझ्या बापानं सांगितलंय, त्येच्या बापानं सांगितलंय. धूर हिकडं आला तर मी काहील तशीच टाकून जानार. बगा, सांगून ठेवतोय!"

चुलवाणातला एक निखाराही मिळायचा नाही असं ठरलं. काकवी तेवढी मिळेल. गूळ व्हायच्या आधीची ही दाट, तांबूस काकवी. आप्पांनी तांब्याभर काढून लांबूनच माझ्याकडं सरकवली, जणू मीच चार पायांची होते. शेवटी चिपाडांच्या ढिगापलीकडं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मी माझी चूल मांडली. आत्ती आणि वन्सं बाभळीखाली घोंगडं टाकून बसल्या. दाजी खाटेवर. हे मधोमध, छत्री घेऊन. पंच म्हणे!

"मेसमध्ये खानसामा पांढरी टोपी घालायचा," दाजी खाटेवरून म्हणाले.

"तुम्ही बेळगावला जाऊन टोपी घेऊन या. तोवर होतंय माझं."

मी घाई केली. बाभळीची लाकडं पेटायला वेळ लागतो म्हणून भोवती पडलेली चिपाडंच रचली. चिपाड म्हणजे रस काढलेला सुका ऊस. काडी लावायचा अवकाश, भडका असा उडाला की ह्यांची छत्री एका बाजूनं छोटी झाली! मी त्यावर जाळी ठेवली, जाळीवर चार फासळ्या. काकवीत चटणी, चिंचेचा कोळ आणि मीठ कालवून झक्कास लेप केला होता, तो पळीपळीनं ओतला. आरसा पाहिजे ना? घ्या आरसा!

काकवी खाली गळली. जाळ वर आला. फूसस्!

पाच मिनिटांनी जाळीवर चार कोळसे होते. फासळीच्या आकाराचे, एवढंच.

"वैनी," दाजी म्हणाले, "ह्यात तोंड दिसतंय, पण भुताचं!"

"ही चव बघायची होती. चाचणी!" मी म्हटलं. "पुढचं बघा."

पुढच्या चार घेतल्या. आता लेप दुप्पट केला, म्हणजे जळून उरेल असा हिशोब. आणि लाकडं घातली, चिपाडंही घातली. ह्या चौघी बाहेरून काळ्याकुट्ट आणि आतून अशा कच्च्या निघाल्या की डुक्कर अजून हाक मारली तर उठून येईल! दाजींनी एकीला बोटानं टोचलं आणि बोट धोतराला पुसलं.

"पंच, काय म्हन्ता?"

"आठ संपल्या," हे म्हणाले. "चार उरल्या." शाळेत वजाबाकी शिकवताना लावतात तोच सूर. पण त्यात एक उत्साह होता, तो मला नवीन होता.

चार फासळ्या आणि माझं वर्ष! मी मनातल्या मनात वर्ष मोजायला लागले. शिमग्याला गप्प. नागपंचमीला झोपाळ्यावर गप्प. गौरीच्या जागरणाला सगळ्या बायका झिम्म्याची गाणी म्हणणार आणि मी आपली टाळ्या वाजवत मुकी! आणि शेजारच्या काकूंच्या सुनेला दिवस गेलेत ही बातमी मला कालच कळलेली, अजून कुणालाच सांगितलेली नव्हती!

आणि अशातच वारा फिरला.

मी बघत राहिले. माझ्या चुलीचा तो काळा, करपट धूर चिपाडांच्या ढिगावरून उठला, जरा घुटमळला, आणि पाहुण्यासारखा सरळ काहिलीकडं चालू लागला.

"आप्पाऽऽ!" मामांनी हाक मारली. तो त्यांचा त्या आठवड्यातला सर्वांत मोठा आवाज.

आप्पा आलेच. हातात काहिलीतला लांब दांड्याचा झारा, डोळे लाल. गुऱ्हाळावरची दहा माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. मी हात जोडले. म्हटलं, आता हा माणूस निघून जाणार, काहीलभर रस नासणार, आणि मामा मला बोलायची बंदी वर्षाची नाही, जन्माची घालणार.

आप्पा जाळीपाशी येऊन थांबले. डोळे मिटून एकदा हुंगलं. मग उघडून त्या आठ कोळशांकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या पोरीला मारलं असावं.

"काकवी जाळली?" त्यांनी झारा जमिनीवर टेकवला. "माझी काकवी जाळली?"

"आप्पा, मटणाचा धूर…"

"मटण गेलं खड्ड्यात! पहाटं तीनपास्नं हुबा हाय मी ह्या काकवीसाठी. आन तुमी ती सुरवातीलाच जाळावर वतली? अवो, साकर जाळाला लावून कुनी ठेवतं का? गुळाचं काम शेवटाला असतंय, शेवटाला!"

"मला काय म्हाईत?" मी रडकुंडीला आले होते. "तुम्ही सांगा की मग!"

"मी मटणाकडं बघत न्हाय!"

"नका बघू. तिकडं तोंड करून सांगा!"

आप्पांनी माळेला हात लावला. काहिलीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं पाठ करून ताठ उभे राहिले. आणि पाठमोरे बोलायला लागले.

"चिपाडं भाईर काढा. भडका नगं, इंगळ पायजेत. बाभळीचं. सांडशी घ्या, पसरा."

पसरले. गुऱ्हाळातली दोन माणसं आपणहून मदतीला आली. चुलवाणाकडं जाळ मंद करायचा हुकूमही आप्पांनी तिथूनच सोडला, आणि आमच्यापाशी धूर उरला नाही हे दोनदा हुंगून बघितलं.

"आता त्ये तुमचं काय आसंल त्ये ठेवा. काकवी न्हाय! नुस्तं. त्ये शिजायचं कधी, ह्ये मला म्हाईत न्हाय, माझा त्याचा संबंध न्हाय."

तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला. आत्ती! पदर नाकाला, तोंड दुसरीकडं.

"हाडापास्नं मांस सुटाय लागलं की शिजलं."

म्हणजे माझा स्वयंपाक त्या दिवशी दोन माणसं करत होती, आणि दोघांचीही माझ्याकडं पाठ होती!

अर्धा-पाऊण तास मी त्या चार फासळ्या उलटत-पालटत बसले. एक शब्द बोलले नाही. (पुढं वर्षभर असंच वाटेल काय, हे करून बघत होते. भयंकर वाटतं.) हळूहळू चरबी सुटली, थेंबाथेंबानं चुरचुरायला लागली. फासळ्यांचा रंग तांबूस झाला. हाडाचं टोक उघडं पडलं.

"सुटलं आत्ती!"

"आता काकवी," आप्पा पाठमोरे गरजले. "ती तांब्यातली फेका. पातळ हाय ती." आणि स्वतः जाऊन काहिलीतून झाराभर पाक घेऊन आले, गुळाच्या अगदी अलीकडचा, दाट, सोन्याच्या रंगाचा. त्यातला थेंब पाण्यात टाकला तर गोळी वळत होती. तो माझ्या चटणी-चिंचेत ओतला तेव्हा असा वास सुटला की बैलांनी माना वळवल्या!

लावायचं कशानं? आप्पांनी उसाचं कोवळं वाढं दिलं. वाढं म्हणजे उसाचा शेंडा. ते चेचून कुंचला केला.

"लावा!"

मी लावलं.

"चुरचुर आयकू येतीया. हूं… हूं… उलटा!"

उलटलं.

"लावा! उलटा! वास गोड येतुया तवर ठेवा, कडू येयाच्या आधी उचला. आता दुसरा हात. लावा! उलटा! बास! उचला, उचला! दोन हात बास!"

आरसा! काय सांगू तुम्हाला, आरसाच! तांबड्या-सोनेरी रंगाच्या चार फासळ्या, उन्हात लखलखणाऱ्या, कडेला जराशा करपलेल्या. माझं तोंड मला त्यात दिसलं, आणि ते तोंड उघडंच होतं. आनंदानं!

आता इथं मी थांबायला हवं होतं. शहाण्या माणसानं "दोन हात बास" म्हटल्यावर शहाणी बाई थांबली असती. पण पातेल्याच्या तळाशी थोडा पाक उरला होता, आणि दाजी खाटेवरून म्हणाले, "चमक बरी हाय, पण मेसमध्ये…" झालं! मी उरलासुरला पाक त्या चारी फासळ्यांवर निपटून ओतला आणि केळीच्या पानावर त्यांच्यापुढं ठेवल्या.

"खावा."

दाजींनी एक फासळी उचलली. आम्ही सगळे भोवती. गुऱ्हाळातली माणसं, आत्ती, वन्सं, मामा. आप्पासुद्धा मान न वळवता कान देऊन उभे. दाजींनी चावा घेतला. चघळलं. कपाळावर एक आठी आली, मग ती गेली. दुसरा चावा. डोळे मिटले. दुसरी फासळी. काहीच बोलेनात! तिसरी. हाडाची शेंडी तोंडात धरून चोखली. चौथी!

"दाजी, कसं झालंय?"

"म्म्."

"नीट सांगा! मेसपेक्षा बरं का वाईट?"

"म्म्म्!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छत्री मिटून म्हणाले, "तोंडानं कबूल केल्याशिवाय निकाल नाही."

"तोंडानं बोला की दाजी! लबाडी चालायची न्हाय!"

दाजींनी हात हलवले. डोळे मोठे केले. बोटानं मिशीकडं दाखवलं. तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. तो तिसरा हात! पाक गार झाला होता आणि गार झाल्यावर त्याचा झाला होता गूळ. डावी मिशी चौथ्या फासळीला चिकटली होती, उजवी मिशी खालच्या ओठाला, आणि मिशीचं मेण वितळून सगळं एकजीव! दाजींचं तोंड शिक्का मारल्यासारखं बंद, आणि गालाशी एक हाड लोंबकळतंय.

"अगंबाई, ह्यांचं तोंड गेलं!" वन्सं उठल्या.

"ओढू नगा!" आप्पा अखेर वळले. मटण संपलेलं होतं, तेव्हा बघायला हरकत नव्हती. जवळ येऊन त्यांनी दाजींच्या ओठावरचा पाक नखानं टिचक्या मारून तपासला, जसा ढेपीवर मारतात. टक्. टक्. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बसला!" ते म्हणाले. "गूळ झ्याक बसला!"

कोमट पाण्याचा तांब्या आला. वन्सं एका बाजूनं फडकं भिजवून लावतायत, मी दुसऱ्या बाजूनं, आणि दाजी "म्म्म्, म्म्म्" करतायत. आधी हाड सुटलं, डाव्या मिशीचे चार केस घेऊन. मग उजवी मिशी. मग ओठ. सगळं रान श्वास रोखून उभं. दाजींनी जबडा हलवून बघितला. जीभ फिरवली. आणि पहिला शब्द आला:

"अजून हाय का?"

काय ओरडा झाला! गुऱ्हाळातल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. वन्सं माझ्या गळ्यात पडल्या. आत्तींनी पदर नाकावरून काढला, एवढ्या लांबून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, एकदाच, वरून खाली. ती मान मी अजून जपून ठेवली आहे. आप्पांनी चुलवाणापुढं नारळ फोडला आणि पहिली कवड माझ्या हातावर ठेवली.

"वैनीसाब, हात बरा हाय तुमचा. पर दोन म्हन्जे दोन!"

"दाजी," मी म्हटलं, "मेसमध्ये कसं होतं म्हणालात?"

"कुठल्या मेसमध्ये?" दाजी म्हणाले. कबुलीला पक्का माणूस! त्यानंतर वीस वर्षं ते येत राहिले, पण त्यांनी माझ्यासमोर बेळगावातल्या कुठल्याच जेवणाचं नाव काढलं नाही.

काहिलीतला गूळही उत्तम उतरला. मटणाच्या धुरानं गूळ बिघडत नाही हे मी आप्पांना तिथंच पटवून देणार होते, पण मामांनी डोळ्यांनी दटावलं.

परतीच्या वाटेला मी गाडीत पुढं बसले होते. काय तो माझा तोरा! पहिल्या भडक्यापासून शेवटच्या मिशीपर्यंत सगळं दोनदा सांगून झालं, ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनाच. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे छत्रीच्या जळक्या काठाकडं बघत उदास बसलेत. आत्तींनी डोळे मिटलेत. आणि मामा, आमचे दहा शब्दांचे मामा, बैलांकडं बघत हळूच म्हणाले,

"चॉप बेस झालतं, पोरी. जरा जास्तच बेस झालतं."

त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला थेट मंगळवार पेठेपर्यंतचा रस्ता लागला. कारण मधे मी बोलत होते.